अकरावं पाऊल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि आईपाशी तर नाहीच. आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसायचो, घरात आम्ही दोघंच असायचो, एकदा तर अगदी ओठांवर आलं होतं — मी तिला दोन चमचे पाणी पाजलं आणि उठून बाहेर गेलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती मला कधी झाली नाही.

मी फिटर. आयटीआय केलं आणि धुळ्यात, देवपुरात, पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप टाकलं. शेतीची अवजारं, ट्रॉलीची जोडकामं, आणि जत्रांचे दिवस जवळ आले की पाळण्यांची दुरुस्ती. पाळणे नानाभाऊंचे. पारोळा, पाचोरा, चाळीसगाव — जत्रा कुठली का असेना, मैदानाच्या कडेला नानाभाऊंचा आकाशपाळणा आणि घोड्यांची चक्री ठरलेली. बेअरिंग वाजायला लागलं की ते माझ्याकडे यायचे.

त्या चक्रीतले घोडे मला बघवायचे नाहीत. लाकडी घोडा, पोटातून लोखंडी दांडी, आणि दांडीवर वर-खाली, वर-खाली. अहो, तो घोडा आहे की विहिरीवरची बादली? खरा घोडा पुढं झुकतो, मागून उचलतो, चालताना अंगानं कलतो, लगाम ओढला तर मान वर करतो. हे सगळं यंत्रात आणता येईल असं मला वाटायला लागलं, आणि एकदा वाटलं ते वाटलंच. जेवताना ताटातल्या वरणात बोटानं चकत्या काढायचो. आई म्हणायची, याच्या डोक्यात भूत शिरलंय. नानाभाऊ मात्र हसले नाहीत. म्हणाले, एक घोडा करून दाखव, लोकांना आवडला तर सगळी चक्री तुझ्याकडून करून घेतो.

पण खऱ्या घोड्याची चाल लोखंडात उतरवायची कशी? त्यासाठी मी एक डबा केला. पत्र्याच्या डब्यात गजराच्या घड्याळाचं यंत्र बसवलं. ते कागदाची पट्टी हळूहळू पुढं सरकवायचं. वर स्प्रिंगला टांगलेलं वजन, आणि वजनाला पेन्सिल. डबा खोगिराला बांधायचा आणि घोडा चालवायचा. पाठ जशी हलेल तशी पेन्सिल रेघ ओढणार. हसू नका, रेघ सुरेख यायची. माझ्या हातून त्याआधी आणि त्यानंतर इतकं चांगलं काम झालेलं नाही. आणि हे म्हणताना मला अजूनही बरं वाटतं — बघा, असा आहे मी.

घोडी मिळाली भिकाआबांची. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात राहायचे ते, आणि त्यांची राणी पंचक्रोशीतल्या वरातींत नाचायची. बॅन्ड वाजला आणि लगाम आवळला की जागच्या जागी पुढचे पाय उचलून नाच. लगाम सैल सोडला की चाल. मला हेच तर हवं होतं — बसणाऱ्याच्या हाताला उत्तर देणारा घोडा. दर रविवारी एसटीनं जायचो. भिकाआबा तोंडानं ढोल वाजवायचे, राणी रिकाम्या पाठीनं नाचायची, चालायची, आणि मी पट्ट्या जमा करून आणायचो.

चौथ्या रविवारनंतर पट्ट्या एकाखाली एक लावून बघितल्या तेव्हा ते दिसलं. नाच संपून राणी चालायला लागली की दहा पावलं अगदी सरळ. अकराव्याला रेघ खाली जायची. पुढचा डावा पाय क्षणभर दुमडायचा आणि पाठ डावीकडे कलायची. डोळ्यांना कळायचं नाही, इतक्यात ती सावरायची. पेन्सिलीला कळायचं. मी सगळ्या पट्ट्या बघितल्या. प्रत्येक नाचानंतर, अकरावं पाऊल. भर दुपार होती, बाहेर रस्त्यावर माणसं जात-येत होती, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या घोडीला स्वतःला तरी हे ठाऊक असेल का?

भिकाआबांना सांगायला हवं होतं. हो ना? पुढच्याच रविवारी. पण सांगितलं असतं तर त्यांनी घोडी बांधून ठेवली असती, पायाला लेप लावले असते, आणि ती बरी झाली असती तर माझी रेघ बदलली असती. शिवाय पाठीवर माणूस असताना ते पाऊल कसं पडतं, किती खोल जातं, हे मला अजून बघायचं होतं. माणूस घेऊन ती खऱ्या बॅन्डशिवाय नाचायची नाही. म्हणून मी गप्प राहिलो.

आणि मग दिलीपचं लग्न ठरलं.

दिलीप माझा धाकटा भाऊ. जळगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होता. मुलगी पारोळा तालुक्यातलीच, सुमन नाव. साखरपुड्याला तिनं दिलीपकडे एकदाच बघितलं आणि पदरात तोंड लपवून हसली. परतताना एसटीत दिलीप सारखा मला विचारत होता, ती का हसली असेल? मी म्हणालो, तुझे कान बघून. धुळं येईपर्यंत तो कानांवरून हात फिरवत होता.

वरातीची घोडी मी ठरवली. त्याला घोड्याची भीती वाटायची, लहानपणापासून. जीप करू म्हणत होता. आई म्हणाली, जीप तर जीप. मीच हट्ट धरला. मी त्याला म्हणालो, "घाबरतो कशाला रे? मी धरतो ना तुला."

आमच्याकडे नवरदेव घोडीवर बसून आधी मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून मांडवात. पुढं घोडीवाला लगाम धरतो. डाव्या अंगाला सख्खा भाऊ, त्याचा हात नवरदेवाच्या कमरेला. शोभेची जागा समजतात ती. पण तो हात उगीच नसतो.

इथपर्यंत आलो की माझं नेहमी असं होतं — मी आजूबाजूचंच आठवत बसतो. वैशाखातलं ऊन. मांडवामागं बट्ट्यांचा धूर, मोठ्या पातेल्यात वरण रटरटतंय. बॅन्डमधल्या एकाच्या सदऱ्याला खांद्यावर झालर नव्हती. राणीच्या पाठीवर लाल झूल, आणि त्या झुलीखाली, खोगिराच्या मागं, मी सकाळीच बांधलेला माझा डबा. भिकाआबांनी विचारलं, आजबी? मी हसलो. तेही हसले. सख्ख्या भावाच्या लग्नात मी तो डबा बांधला होता. अजून काय सांगू तुम्हाला?

मारुतीपासून निघालो. पाराजवळ वरात थांबली, बॅन्ड जोरात वाजला, राणी नाचली. दिलीपनं दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलेलं. मग बॅन्ड पुढं सरकला, भिकाआबांनी लगाम सैल केला आणि राणी चालायला लागली. माझा हात दिलीपच्या कमरेला होता. एक, दोन, तीन. मी मोजत होतो. हो, मोजत होतो मी. सातव्या पावलाला माझ्या मनात आलं की माझ्या हाताचा जोर राणीच्या पाठीवर पडतोय, रेघ खरी येणार नाही.

आणि मी हात काढून घेतला.

विसरलो नव्हतो. गर्दीचा धक्का लागला नव्हता. सगळं ठाऊक असून हात काढला, आणि एक पाऊल बाजूलाही झालो, नीट दिसावं म्हणून. आठ. नऊ. दिलीप वाकून माझ्याकडे बघतोय हे मला डोळ्यांच्या कडेनं दिसत होतं. हात गेलेला त्याला कळला असणार. मी वर बघितलं नाही, मी राणीच्या डाव्या पायाकडे बघत होतो. दहा. अकरा. पाय दुमडला — आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. माझं बरोबर आलं होतं.

दिलीप डावीकडे पडला, जिथं मी असायला हवा होतो तिथं. डोकं पाराच्या दगडावर आपटलं. धुळ्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेला. मधे एकदाही बोलला नाही.

तो पडला त्याच गडबडीत भिकाआबांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दादा, तुमना हात व्हता ना?"

मी म्हणालो, "व्हता."

या एका शब्दानं काय झालं ते बघा. या घोडीवरून आजवर कधी कुणी पडलं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत. कसं पडेल, दर वरातीत तिच्या डाव्या अंगाला कुणाचा तरी भाऊ असायचा, त्याच्या हातामुळं नवरदेव सावरायचा, आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आता घोडी चांगली, आणि भावाचा हातही होता. तरी नवरदेव पडला. मग राहिलं कोण? बायका आपसांत कुजबुजायला लागल्या होत्या, पण मोठ्यानं बोलली ती माझी आई. तेराव्याला सुमनचा बाप दारात येऊन उभा राहिला, तेव्हा सगळ्यांसमोर बोलली.

"तिना पाय घरमा पडाना पहिलेच मना पोऱ्या गया. पांढऱ्या पायनी शे ती."

सुमनचा बाप मान खाली घालून ऐकत राहिला. मी खांबाला टेकून उभा होतो. माझ्या खिशात ती पट्टी होती. दहा पावलं सरळ, अकराव्याला खड्डा, आणि मग पेन्सिल कागदाबाहेर गेलेली. ती पट्टी काढून दाखवली असती तर? आईनं मला घरातून हाकललं असतं. लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. पण त्या पोरीवरचा बोल गेला असता. मला सगळं कळत होतं हो. मी माणसांना चहा विचारत फिरलो.

सुमनला हळद लागलेली होती, लग्न लागलेलं नव्हतं. ती ना सून झाली ना विधवा. तिला दुसरं स्थळ आलं नाही. कुणाच्या लग्नाला तिला पुढं बसवत नसत, कुणाच्या बाळाला ती उचलून घेत नसे, हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून माझ्या कानावर यायचं. भिकाआबांनी राणी विकली. कुणाला विकली ते मी विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मी तो घोडा केला नसेल. केला. महिन्याभरानं शेड उघडली आणि तीच पट्टी समोर ठेवून कामाला लागलो. जाड पत्र्याची मोठी चकती घेतली, तिच्या कडेला पट्टीवरची रेघ उतरवली आणि त्या रेघेप्रमाणे कड कापली. चकती फिरली की कडेवरचं चाक रेघेसारखं वर-खाली होणार आणि घोडा तसा चालणार. लगामाला ब्रेकची केबल जोडली. लगाम ओढला की चाक दुसऱ्या चकतीवर जायचं आणि घोडा नाचायचा. सोडला की पुन्हा पहिल्या पावलापासून चाल. पट्टीचा शेवट, पेन्सिल कागदाबाहेर गेली तो, मी घेतला नाही. तिथं कानशीनं घासून सरळ केलं. अकरावं पाऊल तसंच ठेवलं.

शेडमध्ये तो पहिल्यांदा रिकामा चालवला. अकराव्याला घोडा अडखळला, खोगीर डावीकडे कललं, आणि मी नकळत हात पुढं केला होता. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. माझा हात तसाच हवेत, खोगिराजवळ. पाठीवर कुणी बसलेलं नव्हतं, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

नानाभाऊंनी घोड्याचं नाव जिवंत घोडा ठेवलं. चक्रीत बाकीचे साधे आणि हा एकटा असा. लोक रांगा लावायचे. लगाम ओढायचे, नाचवायचे, सोडायचे, आणि अकराव्याला जो झोका जायचा त्याला किंचाळून हसायचे. पट्टा बांधलेला असायचा, पडायचं कुणी नाही. एका वर्षी मला राहवेना म्हणून मी ते पाऊल घासून काढलं, दुसरी साफ चकती बसवली. आठवड्यातच नानाभाऊ आले. म्हणाले, घोड्यातला जीव गेला, लोक विचारतात. मी जुनी चकती परत बसवली. कुणी पिस्तूल नव्हतं लावलं माझ्या कपाळाला. मलाही तो साफ चालणारा घोडा आवडला नव्हता.

दिलीपच्या त्या वरातीला सहा वर्षं झाली असतील. चाळीसगावला जत्रा होती. दुपारी चारचा सुमार, चक्री नुकतीच सुरू करत होतो, पहिलीच फेरी. नानाभाऊंचा माणूस आजारी म्हणून लीव्हरवर मी. एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी जिवंत घोड्याकडे धावली आणि तिथं जाऊन घाबरली. तूही बस, सुमनमावशी, असं म्हणून रडायला लागली.

सुमन. चेहरा बारीक झालेला, केस कानांजवळ पांढरे. तिनं मला ओळखलं नाही, मी दाढी वाढवली होती. ती बसायला तयार नव्हती, नाही नाही म्हणत होती. शेवटी मुलीसाठी चढली. मुलीला पुढं घेतलं. पट्टा मी बांधला. माझे हात तिच्या पायाजवळ होते.

चक्री सुरू झाली. मुलीनं लगाम ओढला, घोडा नाचला. मुलीसोबत सुमनही हसली — साखरपुड्याला हसली होती तशीच, पदर तोंडाशी नेऊन. मुलीनं लगाम सोडला. मी मोजायला लागलो. मला मोजायचं नव्हतं. लीव्हर माझ्या हातात होता, आठव्याला, नवव्याला, कधीही ओढता आला असता. अकराव्याला घोडा खाली गेला, डावीकडे कलला, आणि सुमन ओरडली. मुलगी हसत होती. सुमनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फेरी थांबली. ती उतरली. घोड्याच्या मानेला हात लावून तो तिनं कपाळाला लावला, देवाची माफी मागतात तसा. मग माझ्याजवळ आली. हळू आवाजात, बाजूच्यांना ऐकू जाणार नाही असं बोलली.

"भाऊ, मी बसनू म्हनीसन बिघडनं का हाई?"

नाही म्हणायचं होतं. बाई, हा सगळ्यांखालीच अडखळतो, मीच त्याला तसा केलाय. इतकं सोपं वाक्य. सहा वर्षं ते वाक्य तिच्यापर्यंत पोचायचं होतं, आणि ती स्वतः चालत माझ्यापर्यंत आली होती.

मी म्हणालो, "व्हस असं कधी कधी."

तिनं मान डोलावली. जणू तिला माहीतच होतं. मुलगी आणखी एक फेरी मागत हट्ट करत होती. सुमननं तिला एकटीला बसवलं, पट्टा दोनदा ओढून बघितला, आणि म्हणाली, मी लांब उभी राहते, मग काही होणार नाही. ती दोरीच्या पलीकडे गेली, बांगड्यांच्या दुकानापाशी, आणि तिथं चक्रीकडे पाठ करून उभी राहिली. तिची नजरसुद्धा घोड्यावर पडू नये म्हणून.

मी चक्री सुरू केली. मुलीनं लगाम ओढला, नाचवला, सोडला. दहा पावलं सरळ गेली. अकराव्याला घोडा अडखळला, तसाच, तेवढाच, आणि मुलगी खदखदून हसली.

सुमननं वळून बघितलं असतं तर तिला कळलं असतं. मी हाक मारली असती तर तिनं वळून बघितलं असतं. ती माझ्यापासून वीस पावलांवर होती. फेरी संपेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिलो, आणि हाक मारली नाही.